बीचच्या तळाखाली

आपल्या हातांनी घडवलेल्या वस्तूवर माणसाचे प्रेम जडावे, यात वावगे काहीच नाही. परंतु ते प्रेम जेव्हा उंबरठ्यावर पहारेकऱ्यासारखे उभे राहते आणि पोटच्या लेकीच्या हातची वस्तूही आत येऊ देत नाही, तेव्हा त्या लेकीपुढे दोनच वाटा उरतात : बापाचे ऐकून गप्प बसणे, किंवा बापाच्या भल्यासाठीच बापाशी लपवाछपवी करणे. झाल्काने लग्नाच्या आदल्या दिवशी दुसरी वाट धरली होती. लग्नाची सकाळ उजाडली तेव्हा वळचणीतून टपटप पाणी गळत होते, आणि तिचे काळीजही तसेच थेंबाथेंबाने गळत होते.

तिचे वडील यर्नेय हे ब्लोकेच्या पठारावरचे जुने स्की घडवणारे. सावलीच्या उतारावरचा बीच वृक्ष भर थंडीत तोडायचा. करवतीने न कापता पाचर ठोकून उभा फोडायचा, म्हणजे लाकडाची शीर तुटत नाही. मग फळ्यांची टोके आईच्या कपडे उकळायच्या हंड्यात शिजवायची आणि साच्यावर वाकवून चुलीमागे वाळत ठेवायची, हा त्यांचा नित्यक्रम. भिंतीवर पूर्वजांच्या जोड्या मांडलेल्या होत्या. पणजोबांच्या आखूड, रुंद, पाय बांधायला विलो झाडाच्या पिळलेल्या फांद्यांचे पट्टे असलेल्या. आजोबांच्या भूर्जाच्या, कारण त्यांच्या काळच्या युद्धात चांगला बीच सगळा सरकारने नेला होता. आत्याच्या लग्नातल्या चेरीच्या, तांबूस. आणि काकांनी डोंगरापलीकडून आणलेल्या अ‍ॅशच्या, लवचिक आणि लांब. यर्नेयनी या सर्वांना घरात जागा दिली होती. चामड्याचे पट्टे त्यांनी स्वीकारले, लोखंडी चाप स्वीकारले, पोलादी कडाही कुरकुरत स्वीकारल्या. प्लास्टिकपाशी मात्र त्यांचा पाय अडला तो अडलाच.

झाल्का दूर उत्तरेकडच्या स्कीच्या कारखान्यात कामाला लागली. तिथे अ‍ॅशच्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून गाभा करत, त्यावर काचेच्या धाग्यांचे कापड राळेत भिजवून चढवत, आणि खाली प्लास्टिकचा तळ लावत. तळ चिकटवण्याचे काम झाल्काचे. काचेचे कापड अंथरणारा गाश्पेर हा आता तिचा होणारा नवरा. पहिल्या हिवाळ्यात तिने स्वतः केलेली जोडी मोठ्या हौसेने घरी आणली, तेव्हा यर्नेयनी ती उचलली, उलटी केली, बोटाने वाजवली.

"छान ताट आहे," ते म्हणाले. "ह्यात सूप वाढ."

आई ऊर्शा म्हणाली, "अहो, पोरीनं केलंय, नीट बघा तरी."

"बघितलं की. म्हणून तर सूप म्हणालो. नाहीतर डुकरांचा कोंडा म्हणालो असतो."

ती जोडी त्या दिवसापासून कोठीत बटाट्यांमागे उभी होती. लग्न ठरले तेव्हा यर्नेयनी एकच अट घातली. त्या घरची वरात पूर्वापार स्कीवरून टेकडीपलीकडच्या चर्चला जायची, आणि लेकीला चर्चच्या दारापर्यंत बाप घेऊन जायचा. "माझ्या वरातीत सगळ्यांच्या पायाखाली लाकूड पाहिजे," ते म्हणाले. "प्लास्टिक दिसलं, की मी तिथूनच वळून घरी. मग पोरीचा हात पोस्टमनच्या हातात द्या." ते बोलले ते करणारे होते, हे सारे गाव जाणून होते.

आणि नेमका लग्नाच्या आदल्या दिवशी दक्षिणेचा वारा सुटला. बर्फ पाणावला. ओल्या बर्फात लाकडी तळाला गोळे चिकटतात, पाय मणाचे होतात. आणि यर्नेयचा उजवा गुडघा गेल्या शरदात शिडीवरून पडल्यापासून दुखत होता. चढावर ते थांबतील, सगळे पाहतील, आणि ते ना कुणाचा हात धरतील ना परत फिरतील, हे झाल्काला डोळ्यांसमोर दिसत होते. तिच्या पेटीत कारखान्यातल्या तळाच्या दोन पट्ट्या होत्या, बापाला कधीतरी दाखवू म्हणून आणलेल्या. पारदर्शक, मधाच्या रंगाच्या. खालच्या लाकडाची नक्षी जशीच्या तशी दिसू देणाऱ्या. दोनच होत्या. स्वतःच्या पायाखाली लावाव्यात की बापाच्या, हा विचार तिला क्षणभरही करावा लागला नाही.

आईवडील दुपारी द्राक्षारसाचे पिंप आणायला गेले, तेव्हा तिने आणि गाश्पेरने गोठ्यात बसून ते काम उरकले. तिने पट्ट्या चिकटवल्या, कडा तासल्या, वर धुराची काजळी आणि डांबर चोळले. गाश्पेर वजन देण्यासाठी स्कीवर बसून राहिला.

"झाल्का, मी तुझ्या बाबांच्या स्कीवर बसलोय," तो कुजबुजला. "हे कळलं तर ते माझ्यावर बसतील."

"गप बस. आणि जड बस."

आता सकाळी वरात अंगणात जमली होती. वऱ्हाडी एकेक करून बीचच्या, भूर्जाच्या, अ‍ॅशच्या जोड्या बांधत होते. द्राक्षारसाचे पिंप घसरगाडीवर बांधून सोबत घेतले होते. यर्नेय आपली जोडी आधीच पायात चढवून, हातात एकच लांब काठी धरून, टोपीत रोझमेरीची डहाळी खोचून उभे होते. त्यांनी लेकीकडे नखशिखान्त पाहिले. पांढरा झगा, वरून लोकरी कोट, आणि पायात त्यांनीच शरदापासून घडवलेली बीचची नवी जोडी. त्यांचे डोळे पाणावले. मग ते खेकसले, "उभी काय? फादर म्हातारे आहेत, तोवर मरतील!"

वरात निघाली. कुंपण ओलांडेपर्यंतच सगळ्यांच्या तळाखाली ओल्या बर्फाचे लाडू वळू लागले. दर चार पावलांनी कुणीतरी थांबून काठीने ते खरवडी. अ‍ॅकॉर्डियनवाला एका पायावर उभा राहून वाजवत होता आणि दुसरा पाय झटकत होता. झाल्का झगा वर धरून, घामाघूम होऊन, पाय ओढत होती. यर्नेय मात्र सर्वांच्या पुढे, लोण्यावरून सुरी फिरावी तसे, सरकत चालले होते.

"यर्नेयकाका, तुम्हाला देवानं वेगळा बर्फ दिलाय का?" मागून कुणीतरी ओरडले.

"बीच!" यर्नेय वळून म्हणाले. "चरबी, राळ, मधमाशीचं मेण आणि धीर! तुम्हा पोरांना सगळं आहे, धीर तेवढा नाही." आणि गाश्पेरकडे पाहून, "काय जावईबापू, तुमच्या कारखान्यात धीर कुठल्या डब्यात मिळतो?"

गाश्पेर कोंबड्याच्या तुऱ्यासारखा लाल झाला. "तो… तो संपलाय, बाबा."

झाल्काला हसू येत होते आणि रडूही. बाप जितकी बढाई मारी, तितका तिचा अपराध वाढत होता. हे कळले तर नुसते लपवणे ठरणार नव्हते; अख्ख्या गावापुढे बापाला खोटे पाडणे ठरणार होते.

टेकडीच्या माथ्यावर गावच्या पोरांनी वाट अडवली होती. स्प्रूसच्या फांद्या आणि कागदी फुले बांधलेला ओंडका दोन खांबांवर आडवा ठेवलेला. परगावचा नवरा आला की ही श्रांगा लावायचीच. त्याने काम करून दाखवल्याखेरीज नवरी पुढे जात नाही. म्होरक्या लोव्रो, गावच्या सुताराचा मुलगा, ओंडक्यावर मांडी घालून बसला होता.

"दाजी, नमस्कार! ओंडका कापायला लावणार होतो, पण तुमचे हात राळेनं चिकट, करवत हातालाच राहायची." पोरे खिदळली. "म्हणून सोपं काम. डोळे बांधायचे. हातानं स्की ओळखायची. वरचं लाकूड कुठलं ते सांगायचं, खालचं कुठलं तेही सांगायचं. चुकलात तर झाल्का आमच्याकडे, आणि तुम्ही कारखान्यात जाऊन काचेशी लग्न करा."

"आणि ओळखलं तर?" गाश्पेरने विचारले.

"तर आम्ही तुमचं पिंप रिकामं करू. दोन्हीकडून आम्ही सुखी."

झाल्काच्याच रुमालाने त्याचे डोळे बांधले गेले. पहिली स्की हातात आली. त्याने बोटे फिरवली, नखाने टोक तपासले. "भूर्ज. वर आणि खाली. मऊ आहे, आणि इथं कुणीतरी कुत्र्याला चावू दिलंय." जल्लोष झाला, कुत्रा लोव्रोचाच होता. दुसरी अ‍ॅश. तिसऱ्यापाशी तो घोटाळला, वास घेतला, जिभेचे टोकही लावले. "चेरी!" ती आत्याची जोडी, आत्या लाजून हसली. चौथी मेपल.

"दाजी हुशार आहेत बरं का," लोव्रो उठला. त्याच्या डोळ्यांत खोडी चमकली. "आता शेवटची. सासऱ्यांची! यर्नेयकाका, काढा डावी."

यर्नेयनी शांतपणे पट्टा सोडला आणि स्की पुढे केली. गाश्पेरने वरून हात फिरवला. "बीच," तो म्हणाला. "फोडलेला, कापलेला नाही. असं काम मी दुसरीकडे पाहिलं नाही." मग त्याने ती उलटी केली. तळावर त्याची बोटे थबकली.

'बीच' म्हणाला असता तर पिंप उघडले असते, वरात पुढे गेली असती, कुणाला काही कळले नसते. पण काही वेळाने याच तोंडाने वेदीपुढे शपथ घ्यायची होती. खरे बोलला असता तर यर्नेय तिथूनच वळले असते. झाल्काने डोळे मिटले. तिने मनोमन त्याला काहीच सांगितले नाही. काय सांगावे हे तिलाच ठाऊक नव्हते.

"वरचं काम बाबांचं," गाश्पेर हळू म्हणाला. "खालचं काम त्यांच्या लेकीचं. अशा लाकडाला नाव काय, ते मला येत नाही. हरलो म्हणा."

कुणालाच अर्थ लागला नाही. झाल्का मात्र पुढे झाली. "बाबा, त्याची चूक नाही. मी केलं. तुमचा गुडघा… बर्फ ओला होता… दोनच पट्ट्या होत्या. आता तुम्ही…"

यर्नेयनी जावयाच्या हातून स्की घेतली, बर्फावर आडवी ठेवली आणि तळावरून उघडा पंजा फिरवला; तसा, जसा ते प्रत्येक हिवाळ्यात घर जागे होण्याआधी चुलीपाशी बसून फिरवीत. तेव्हा झाल्काच्या ध्यानात आले. रंग तिने जमवला होता, नक्षी जमवली होती. पण तहान विसरली होती. बीच मेण पितो. स्की घडवणाऱ्याच्या लेकीने हे विसरावे!

"पहाटे मेण लावायला बसलो," यर्नेय म्हणाले. "चोळतोय, चोळतोय. एक थेंब आत जाईना. म्हटलं, लाकूड मेलं की काय! मग म्हटलं, वर काहीतरी चिकटवलंय. नख घातलं कडेत. जोड शोधला. सापडला नाही. चष्मा लावून शोधला. तरी नाही."

"मग तुम्ही… तुम्हाला सकाळपासून माहीत होतं?" झाल्काचा आवाज चिरकला. "आणि ती चरबी, राळ, धीर?"

"मग काय करायचं? तुम्ही दोघं चोरासारखे माझ्या मागून चालला होतात. इतकी मजा मला माझ्या लग्नात आली नव्हती!"

"मला आली होती," ऊर्शा मागून म्हणाली. आणि सारा माथा हसण्याने दणाणला.

"पण बाबा, तुमची अट?" गाश्पेरने रुमाल वर सरकवून विचारले.

"अट काय होती? प्लास्टिक दिसलं तर. कुणाला दिसलं? लोव्रो, तुला दिसलं?"

"मला पिंप दिसतंय, काका."

"ऐकलंत." मग त्यांचा आवाज खाली आला, आणि तो फक्त झाल्कासाठी होता. "माझ्या बाबांनी भूर्ज आणला तेव्हा माझे आजोबा त्यांच्याशी हिवाळाभर बोलले नव्हते, पोरी. मी हसायचो आजोबांना. ती बटाट्यांमागची जोडी… संध्याकाळी भिंतीवर लाव. अ‍ॅशच्या शेजारी जागा आहे. खिळा मी निघण्याआधीच ठोकलाय."

झाल्काने त्यांच्या छातीवर डोके टेकले. रोझमेरीची डहाळी तिच्या केसांत अडकली. ओंडका बाजूला झाला, पिंपाचे बूच उडाले, अ‍ॅकॉर्डियनवाल्याने दोन्ही पाय एकदाचे बर्फावर टेकले.

चर्चचा उतार पुढे होता. झाल्काच्या नव्या जोडीखाली पुन्हा गोळे वळू लागले, तेव्हा यर्नेयनी आपली लांब काठी मागे केली. "धर. ह्या तळावर दोघं मावतात." तिने काठीचे टोक धरले. बाप पुढे, लेक मागे, अशी ती दोघे धुक्यातून घंटेच्या आवाजाकडे सरकत गेली. त्यांच्या मागे नवरदेव बर्फाचे लाडू झटकत, धडपडत, तोंडभर हसत येत होता. गावाची पोरे त्याला "दाजी, धीर! धीर!" म्हणून ओरडत होती.

ज्या हातांनी लाकूड फोडले आणि ज्या हातांनी त्याला नवा तळ दिला, ते दोन्ही हात असेच एका काठीला धरून राहोत. त्यांच्या घरच्या भिंतीवर नव्या जोडीसाठी सदैव एक खिळा मोकळा असो. आणि ओल्या बर्फातही त्यांची वाट सुखाने सरो.