थर्माकोलचा ढिगारा

"कोणाच्या आई तुम्ही?" छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला लावलेल्या मुलीने कॉलेजच्या सभागृहाच्या दारातच विचारलं.

"इथं कुणाचीच न्हाई. त्या रोबोटचे पट्टे मी केलेत," हसीना म्हणाली.

मुलीने हातातली यादी वरून खाली पाहिली, मग खालून वर पाहिली, आणि कसंनुसं हसत तिला शेवटच्या रांगेतली खुर्ची दाखवली. यादीत नाव नसणार हे हसीनाला ठाऊक होतं. वर्षाराणीने आदल्या दिवशीच फोन केला होता. चाकणजवळच्या वाडीतली ही शेतकऱ्याची पोर, निगडीच्या या कॉलेजात रोबोट बनवणाऱ्या चौघांची म्होरकी. "चाची, लय भांडले मी," ती रडवेल्या आवाजात म्हणाली होती. "पण संचालक सर म्हणतात, सगळं आपल्याच लॅबमध्ये बनलंय असं पाहुण्यांना सांगितलंय, आता बाहेरचं नाव नको. तुमी मात्र याच."

हसीना आली. माझं नाव गाळायचंच असेल तर माझ्या तोंडावर गाळा, असा तिचा हिशेब. चाकणला तिचं टायरचं दुकान. नवरा मुबीन जाऊन सात वर्षं झाली, तरी नवं गिऱ्हाईक दारात येऊन विचारायचं, "मुबीनभाई कुठायत?" मग "मीच हाय, बोला," म्हणत हसीना पाना उचलायची. सात वर्षं तिची मेहनत मेलेल्या माणसाच्या नावावर खपत होती आणि तिची त्याबद्दल तक्रार नव्हती. मुबीन घरचा होता. पण या संचालकाच्या नावावर का म्हणून खपावी?

कारण रोबोटच्या चाकांभोवती फिरणारे ते पट्टे खरोखरच तिचे होते. इमारत कोसळली की ढिगाऱ्यात शिरून आत अडकलेली माणसं शोधायची, हे त्या रोबोटचं काम. आणि हा पठ्ठ्या विटांच्या पहिल्याच चढावर घसरून उताणा पडायचा. वर्षाराणीने मोबाइलवर ते दाखवलं तेव्हा हसीना पोट धरून हसली होती. "आगं, सपाता घालून डोंगर चढवतीस व्हय त्याला? ट्रॅक्टरच्या टायरला दात कशाला असत्यात?" मग तिने भंगारातल्या टायरचे दात कापले, मध्ये कच्चं रबर घालून तापलेल्या साच्यात पट्ट्यावर दाबून बसवले. नऊ वेळा ते उखडून आले. दहाव्या खेपेला तिने दात तिरपे लावले. दुकानासमोरच्या खडीच्या ढिगावर पोरांनी रोबोट सोडला, तर तो सरसर चढून वर जाऊन बसला. हैदराबादच्या स्पर्धेत देशभरातल्या चमूंना मागे टाकून पहिला नंबर आला, तो याच पट्ट्यांवर. त्याचाच आज सत्कार होता.

मंचावर समई पेटली, स्वागतगीत झालं, हार झाले. चार पोरांची नावं छापलेला फ्लेक्स मागे झळकत होता. संचालक माईकपाशी आले. "विशेषतः हे दातेरी पट्टे," ते म्हणाले, "आमच्या प्रयोगशाळेचं अस्सल संशोधन!" टाळ्या पडल्या. वर्षाराणी मान खाली घालून बसली होती. हसीनाच्या कानशिलांना झळ लागली.

मग प्रात्यक्षिक. पडदा सरकला आणि हसीनाने कपाळावर हात मारला. गालिचा खराब होऊ नये म्हणून संचालकांनी गणपतीच्या आराशी करणाऱ्या माणसाकडून थर्माकोलचा ढिगारा करून घेतला होता. विटा, खांब, तुटके जिने, सगळं अगदी हुबेहूब रंगवलेलं.

"भाऊ, हे बुडवणार बघा आता," ती शेजारी बसलेल्या शिपायाला म्हणाली. "खरा राडारोडा न्हाई का कुठं?"

"हाय की. मागं जुनं कॅन्टीन पाडलंय."

तेवढ्यात रोबोट ढिगाऱ्यावर गेला. तिरप्या दातांनी पहिल्याच घासाला थर्माकोल फाडला. पांढऱ्या दाण्यांचा फवारा उडाला आणि पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांच्या फेट्यांवर बसला. रोबोट जागच्या जागी पट्टे फिरवत खोल खोल रुतत गेला. सभागृहात हशा पिकला.

संचालकांनी घाईघाईने माईक ओढला. "किरकोळ अडचण आहे. मुळात पट्ट्यांचं काम बाहेरच्या एका मेकॅनिककडून करून घेतलं होतं, त्यात काही दोष..."

"आत्ता बरं बाहेरचं आठवलं!"

सगळ्या माना मागे वळल्या. हसीना उभी होती. संताप संताप झाला होता तिचा, आणि आवाज तर रस्त्यावरच्या ट्रकांवर मात करायची सवय असलेला.

"चांगलं हुतं तवा तुमचं, आन् अडलं की माझं व्हय? पट्ट्यात दोष न्हाई, साहेब. दोष ढिगाऱ्यात हाय. हा रोबोट पडलेल्या घरात जायला केलाय, मखरात न्हाई. मागं कॅन्टीन पाडलंय, तिथं चला. न्हाई चढला तर दुकान बंद करते."

वर्षाराणी उठली. गळ्यातला हार काढून तिने खुर्चीवर ठेवला, साथीदारांनी रोबोट उचलला आणि चौघं सरळ मंच उतरून चालू लागली. मागोमाग पोरं निघाली. प्रमुख पाहुणेही फेटा झटकत निघाले, तेव्हा संचालकांनाही निघावं लागलं.

कॅन्टीनच्या राड्यात सळया होत्या, अर्ध्या विटा होत्या, एक आडवी पडलेली तुळई होती. रोबोटने पहिल्याच विटेला दात लावले, तशी हसीना गर्दीतून पुढे सरकली. शब्द तर देऊन बसली होती. रोबोट डगमगला, एका बाजूला कलला, सावरला. तुळईखालून आत शिरला, दिसेनासा झाला, आणि थोड्या वेळाने पलीकडून शिखरावर उगवला. पोरांनी आरोळ्या ठोकल्या. वर्षाराणी धावत येऊन हसीनाच्या गळ्यात पडली.

संचालकांनी हवा ओळखली. कुणाकडून तरी शाल मागवून ते पुढे आले. "या ताईंचाही सत्कार करू या!"

हसीना मागे सरली. "शाल नको, साहेब. नाव पायजे."

"टाकू ना, कॉलेजच्या मासिकाच्या पुढच्या अंकात नक्की टाकू."

"पुढचं कशाला? आजचा फलक हाय की आत."

ती मागे फिरली, सभागृहात शिरून मंचावर चढली. टायरवर खुणा करायचा पिवळा मेणखडू तिने पर्समधून काढला आणि फ्लेक्सवरच्या चार छापील नावांच्या खाली मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं: हसीना तांबोळी, चाकण. पट्टे.

"पुसायचं आसंल तर आत्ता पुसा," ती दारात थबकलेल्या संचालकांना म्हणाली. "माझ्यासमोर."

आणि हाताची घडी घालून ती फलकापाशी उभी राहिली. संचालक चहाकडे वळले. बाहेर चहा झाला, वडे झाले, पाहुण्यांच्या गाड्या निघून गेल्या. वर्षाराणी येऊन तिच्या शेजारी उभी राहिली. मांडववाल्याची माणसं खुर्च्या उचलायला आली, एकेक रांग रिकामी होत गेली, तरी दोघी तिथेच होत्या.