आधी गुणाकार

पडद्यांच्या त्या कारखान्यात थोरली बावीस वर्षं कापड कापत होती आणि धाकटी चार वर्षं मापं घेत होती. दोघी सख्ख्या जावा. कारखाना म्हणजे घराच्या तळमजल्यावरच्या दोन लांबट खोल्या. एकीत कापायचं टेबल, दुसरीत तीन शिलाई यंत्रं. सुरुवात सासूबाईंनी केली होती. गुडघे गेल्यापासून त्या दाराजवळ खुर्ची टाकून बसत, पडद्यांना कड्या लावत आणि सगळ्यांवर नजर ठेवत.

थोरली सातवीपर्यंत शिकलेली. पण कात्री तिच्या हातात आली की गिऱ्हाईकसुद्धा बोलायचं थांबून बघत राही. धाकटी पदवीधर, बोलण्यात चटपटीत. ती आली आणि गिऱ्हाइकं वाढली, हे थोरलीलाही नाकारता येत नव्हतं. तेच तिला जास्त खुपत होतं.

भांडणाला तोंड फुटलं एका रविवारी, जेवताना. थोरलीच्या दिराच्या, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याच्या, मोबाइलवर कुणीतरी कोडं पाठवलं होतं: सहा अधिक चार गुणिले तीन, उत्तर काय?

“तीस,” धाकटी म्हणाली. “सहा नि चार दहा, दहा त्रिक तीस.”

“अठरा,” थोरली म्हणाली.

सगळ्यांनी वर पाहिलं. थोरली हिशेबाच्या गोष्टीत सहसा तोंड घालत नसे.

“आधी गुणाकार करायचा,” ती म्हणाली. “चार त्रिक बारा, मग त्यात सहा. आमच्या बाईंनी पाठ करून घेतलं होतं.”

“जाऊबाई, सातवीतलं सोडा आता,” धाकटी हसली. उठून तिने कारखान्यातला कॅल्क्युलेटर आणला आणि सगळ्यांसमोर एकेक बटण दाबलं. तीस. “घ्या. आता हा खोटं बोलतोय का?”

दीर हसला. थोरलीचा नवराही हसला. “राहू दे गं,” तो बायकोला म्हणाला, “तुझं काम कापायचं. आकडे तिच्यावर सोड.”

थोरलीने पुढची पोळी वाढली. पण ते हसणं तिच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवसापासून धाकटी येताजाता तिला “काय, आधी गुणाकार ना?” असं विचारू लागली. चहा ओतताना, सुई शोधताना, गिऱ्हाइकांसमोरसुद्धा. थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण बोलायला गेलं की शब्द सापडत नसत. ते धाकटीकडे भरपूर होते.

आठेक दिवसांनी एका नाट्यगृहाचं काम आलं. रंगमंचाचे सहा पडदे, गडद लाल मखमलीचे. मखमल मिळायला मारामार झाली होती. त्या रंगाचा शेवटचा तागा होता, चौतीस मीटरचा, आणि गिरणीने आता तो रंग बंद केला होता. धाकटी नाट्यगृहात जाऊन मापं घेऊन आली. तिने चिठ्ठी लिहून टेबलावरच्या खिळ्याला टोचली आणि बाहेर गेली. चिठ्ठीत नेहमीसारखी एकच ओळ होती:

४० + ५२० × ६

थोरलीने चिठ्ठी वाचली. पडद्याची उंची पाचशेवीस सेंटिमीटर. वरची दांडीची दुमड आणि खालची दुमड मिळून चाळीस. म्हणजे पडदा पाचशेसाठचा कापायचा, असे सहा. हे कळायला चिठ्ठीचीही गरज नव्हती. बावीस वर्षांत तिने दुमडीशिवाय एक पडदा कापला नव्हता. धाकटी अशाच चिठ्ठ्या लिहायची आणि थोरली बिनबोभाट बरोबर कापायची.

त्या दिवशी मात्र ती चिठ्ठीकडे बघत बराच वेळ उभी राहिली. लिहिलंय ते काय? पाचशेवीस गुणिले सहा, आणि वर एकदाच चाळीस. असंच लिहिलंय ना? मग असंच कापू. होऊ दे एकदाचं. आकडे तिच्यावर सोड म्हणाले होते ना सगळे, सोडले!

तिने खडूने पाचशेवीसवर रेघ मारली. हात क्षणभर अडला. मग कात्री चालली, मखमल फाकत गेली आणि पहिला पडदा टेबलावरून खाली घसरला. दुसरा, तिसरा. सहावा झाल्यावर तिने चाळीस सेंटिमीटरची एक पट्टी वेगळी कापली, गुंडाळली आणि चिठ्ठीच्या खाली ठेवून दिली.

चूक सापडली सासूबाईंना. दुसऱ्या दिवशी सकाळी कड्यांच्या खुणा करायला त्यांनी पडदा मांडीवर ओढला, टेप लावली आणि पुन्हा लावली.

“हे पाचशेवीसच भरतंय. दुमड कुठंय?”

यंत्रं थांबली. धाकटी आतून आली. तिने एक पडदा मोजला, दुसरा मोजला आणि कपाळाला हात लावला.

“जाऊबाई, हे काय करून ठेवलंत?”

“तू लिहिलंस तेच.”

“मी पाचशेसाठ गुणिले सहा लिहिलंय!”

“कुठे लिहिलंय? दाखव.” थोरलीने चिठ्ठी खिळ्यावरून उपसली आणि तिच्या तोंडासमोर धरली. “आधी गुणाकार. वाच. पाचशेवीसचे सहा, आणि एक चाळीसची पट्टी. ती पण कापलीय, बघ!”

“पट्टी? कसली पट्टी? अहो, पडद्याला दुमड लागते हे शेंबड्या पोराला कळतं!”

“मला काय कळतंय? मी सातवी पास.”

शब्दाला शब्द वाढत गेला. यंत्रांवर शिवणाऱ्या दोन्ही पगारी बायका खाली माना घालून ऐकत होत्या. शेवटी धाकटीने वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना हाक मारली. मास्तर म्हणजे त्यांचे भाडेकरू, जन्मभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. ते चष्मा पुसत खाली आले. धाकटीने चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. हा निकाल आपल्याच बाजूने लागणार, याची तिला पुरेपूर खात्री होती.

“तीन हजार एकशेसाठ,” मास्तर म्हणाले. “कंस नाही ना कुठे. आधी गुणाकार.”

“पण कॅल्क्युलेटर तीन हजार तीनशेसाठ देतो!”

“साधा असेल. तो बिचारा बटणं दाबाल तसा करत जातो. त्याला पुढे काय येणार हे कुठे माहीत असतं?”

थोरलीला वाटलं होतं, हे ऐकलं की आपला ऊर भरून येईल. सगळ्यांसमोर, धाकटीच्याच तोंडावर. पण समोर सहा आखूड पडदे पडले होते आणि सासूबाई त्यांच्याकडे नाही, तिच्याकडे बघत होत्या.

“मास्तर, तुम्ही वर जा,” सासूबाई म्हणाल्या. मग थोरलीला म्हणाल्या, “ताग्यात उरलंय किती?”

“दोनशेचाळीस.”

“आणि तुझी ती पट्टी. चाळीस-चाळीसच्या सात पट्ट्या होतात, सहा लागतील. खाली जोड देऊन टाका. दोघींनी. दुसरं कुणी हात लावायचा नाही.”

दोन दिवस दोघी एका टेबलाला बसल्या. मखमलीची लव एका दिशेला ठेवून जोड देणं म्हणजे जिकिरीचं काम. एकीने धरायचं, दुसरीने टाचायचं. दोन दिवसांत “धर”, “सोड”, “सरक” यापलीकडे शब्द झाला नाही. एकदा धाकटीने टाचणी अशी खुपसली की थोरलीच्या बोटातून रक्त आलं. धाकटीने पाहिलं आणि पुढची टाचणी उचलली. थोरलीने बोट तोंडात घातलं, कापडाला डाग लागू दिला नाही.

तिसऱ्या दिवशी त्या नाट्यगृहात पडदे टांगायला गेल्या. व्यवस्थापक पहिल्या रांगेत बसून बघत होता. पडदे खाली आले, दिवे लागले आणि गुडघ्याच्या बरंच खाली ती आडवी शिवण पडदाभर उठून दिसली.

“हे काय?” तो म्हणाला. “जोडलेत? मी अख्खे सांगितले होते.”

धाकटीने तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्याकडे शब्द नाहीत असं थोरली पहिल्यांदाच बघत होती.

“माप चुकलं,” थोरली म्हणाली.

“आता तारीख तोंडावर आलीय म्हणून ठेवून घेतो. पण बाजूच्या पडद्यांचं काम मी दुसरीकडे देणार.” तो उठून गेला.

दोघी पडद्यामागे आल्या. रंगमंच रिकामा होता. शिडी घडी करता करता धाकटीने विचारलं, आवाज न चढवता.

“मुद्दाम कापलेत ना?”

थोरलीला नाही म्हणता आलं असतं. मास्तरही तिच्याच बाजूचे होते.

“हो,” ती म्हणाली.

“माहीत होतं मला.” धाकटीने शिडीची कडी लावली. “टेप विसरले म्हणून परत आले होते मी. तुम्ही दुसरा पडदा आखत होतात. पाचशेवीसवर खडू होता.”

थोरली तिच्याकडे वळली. “बघितलंस? मग थांबवलं का नाहीस? पाच वाचले असते!”

“म्हटलं, करू द्या. एकदा सगळ्यांना दिसू दे, ह्या बावीस वर्षांच्या हाताला काय कळतं ते. मला काय ठाऊक, मास्तर असं बोलतील!”

पलीकडे कुणीतरी दिवे बंद करत होतं. खुर्च्यांची एकेक रांग अंधारात जात होती. थोरलीच्या मनात आलं, आता हिच्या एक थोबाडीत द्यावी. आणि त्याच क्षणी तिला हेही कळलं की धाकटीही तोच विचार करत असेल आणि दोघींनाही तो तितकाच हक्क आहे. तिने शिडीचं एक टोक उचललं. धाकटीने दुसरं.

“आईंना सांगणार?” धाकटीने विचारलं.

“तू सांगणार?”

कुणीच सांगितलं नाही. पण सासूबाईंना सांगायची गरज होती असंही नाही. महिनाभरात त्यांनीच कारखाना वाटून दिला. एक यंत्र आणि नवी गिऱ्हाइकं धाकटीकडे, टेबल, उरलेली यंत्रं आणि जुनी गिऱ्हाइकं थोरलीकडे. धाकटीने दोन गल्ल्या सोडून जागा घेतली आणि कापायला एक माणूस ठेवला. तो बरा कापतो, पण थोरलीसारखं नाही, असं जुनी गिऱ्हाइकं थोरलीला मुद्दाम येऊन सांगतात. ती खडू उचलून पुढची रेघ मारते.

मापं घ्यायला आता थोरली स्वतःच जाते. लोकांच्या दिवाणखान्यात, अनोळखी सोफ्यांच्या मधून वाट काढत, खिडकीपाशी टेप धरून उभी राहते. लोक रंगाबद्दल, कापडाबद्दल, वेळेबद्दल विचारतात आणि तिला दरदरून घाम फुटतो. “बघते,” एवढंच ती म्हणते. गेल्या आठवड्यात एका बाईने दारातून विचारलं, “त्या दुसऱ्या नाही का आल्या? छान बोलायच्या.”

“नाही,” थोरली म्हणाली, आणि खिडकीची उंची मोजायला वळली.