कळंब्याच्या नंदीचं शेपूट

दोन हजार चार सालच्या श्रावणात दर सोमवारी कळंबा तलावाच्या काठी एवढी माणसं लोटत, की तलावालाच जरा सरकून बसावं लागलं असतं. सगळी नंदीचं शेपूट बघायला आलेली. नंदी फायबरचा, शेपूट मखमली, आणि त्यामागे उंच आसनावर, जमिनीपर्यंत भगवं कापड सोडून बसलेले शेपूटमहाराज.

"विचारा, पावणं! शेपूट उजवीकडं गेलं तर रोग गेला. डावीकडं गेलं तर कर्म आडवं आलं, पुढच्या सोमवारी पुन्हा या!"

बहुतेकांचं कर्म दोन-तीन सोमवार तरी आडवं येई. देवाला घाई नव्हती. महाराजांना तर मुळीच नव्हती.

माझ्या शेजारच्या रत्नव्वाचा साखरेचा आजार जुना, रोज इन्सुलिनची सुई, पायाला न भरणारी जखम. तिच्यासाठी शेपूट पहिल्याच फेरीत उजवीकडे गेलं. तिने सुयांचा डबा तलावात सोडला. त्या आठवड्यात माशांची साखर आटोक्यात असावी. रत्नव्वाच्या पायाची जखम मात्र काळी पडू लागली.

"अत्ती, सुई घ्या. पाय कापायची पाळी येईल," सून शांभवी विनवत होती. ती उचगावच्या शाळेत विज्ञान शिकवते.

"तुझी सुई मोठी का नंदी मोठा, गं?"

शांभवीने वाद घातला नाही. रविवारी सकाळी मला हाक मारली, "काका, जरा ब्रेकची वायर धरा."

प्लायवूडच्या चकत्या तिने मोठीपासून लहानपर्यंत ओवल्या होत्या. दोन्ही बाजूंनी सायकलच्या ब्रेकची एकेक वायर, खाली दोन पेडलं. पहिल्या चाचणीत शेपूट उजवीकडे वळलं, माझा चष्मा उडवला आणि तिथेच अडकून बसलं.

"महाराजांच्या हिशेबानं तुमचे डोळे बरे झाले, काका."

मग तिने चकत्यांच्या मधोमध लवचीक पोलादी पट्टी घातली. आता पाय काढला की शेपूट आपोआप सरळ. वर जुन्या साडीचा तुकडा शिवला आणि अख्खं प्रकरण एका स्टुलाला ठोकलं.

सोमवारी स्टूल, सासू, सून आणि मी रिक्षाने कळंब्याला पोचलो.

"हे काय आणलंय?" महाराज गरजले.

"स्टूल हाय. ह्यालापण शेपूट हाय," शांभवी म्हणाली आणि स्टुलामागे बसून तिने हात जोडले. "स्टूलदेवा, अत्तींनी सुई घ्यावी का?"

शेपूट झोकात उजवीकडे गेलं.

गर्दीतून मुरगूडचा केरबा पुढे झाला आणि त्याने स्टुलापुढे नारळ फोडला. आपल्या लोकांची भक्ती अशी तयारच असते, तिला फक्त हलणारं काहीतरी लागतं.

शांभवीने कपाळावर हात मारला आणि सासूला आपल्या जागी बसवलं. "अत्ती, उजवा पाय दाबा." शेपूट उजवीकडे. "आता डावा." डावीकडे. रत्नव्वाने आपल्या मनाने आणखी एकदा दाबून पाहिलं. मग ती लंगडत महाराजांपुढे गेली.

"म्हाराज, जरा उठा की."

"आसन सोडलं तर भूकंप होईल, बाई!"

"हूं दे. माझा पाय तर जायाच लागलाय."

तिने भगवं कापड उचललं. खाली दोन पेडलं, दोन वायरी आणि महाराजांचे दोन पाय. दोन्ही धडधाकट. ते किती धडधाकट होते, हे पुढच्या क्षणी ज्या वेगाने ते उचगावच्या दिशेने गेले त्यावरून सर्वांना कळलं. भूकंप झाला नाही.

"शांभवी, रिक्षा सोडू नगं," रत्नव्वा म्हणाली. "दवाखान्यात चल."

दोन बोटं गेली, पाय राहिला.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी एखादं शेपूट हललं, तर जरूर वाका. फक्त नमस्कारासाठी नको, कापडाखाली कुणाचे पाय आहेत ते बघण्यासाठी. आणि चालू औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. तुमच्या रक्तात साखर किती, हे नंदीला कुठून कळणार? त्या बिचाऱ्याला आपलं शेपूट हलतंय हेसुद्धा ठाऊक नव्हतं.