नावापुढचा ठिपका

मावशींनी चहाचा कप तिच्यापुढे ठेवला आणि स्वच्छ खुर्ची फडक्यानं पुन्हा एकदा पुसली.

"बसा ना बाई. कालच धुतलीय."

कुलपांच्या या कारखान्यात ती दुसऱ्यांदा आली होती. माणसं अकरा, यंत्रं चार, मालक सत्तरीचे. मूलबाळ नाही म्हणून विकायला निघालेले. घ्यायचा की नाही, हे आज सांगायचं होतं. तिला नोकरी देऊ करणाऱ्या फंडवाल्या साहेबांनाही आजच कळवायचं होतं. त्यांचा फंड रडतखडत चाललेल्या कंपन्या विकत घ्यायचा. तिनं तिथं जाऊन माणसं कमी करायची आणि कंपनी सुटसुटीत करून द्यायची. त्यात नवीन ते काय? आधीच्या नोकरीत बारा वर्षं तिनं दुसरं केलं होतं काय? पगार मात्र तिप्पट. इथं सगळी पुंजी घालायची आणि वर डोकेदुखी फुकट.

तरी ती आली होती, ती त्या फिटरमुळं. आधीच्या कंपनीत तिनं यादीतून काढलेला तो माणूस पुढं चार महिने रोज सकाळी युनिफॉर्म घालून, डबा घेऊन फाटकाशी उभा राहायचा. भोंगा झाला की घरी जायचा. कुणाला एका शब्दानं बोलला नाही. मग एक दिवस यायचा थांबला. का, ते तिनं विचारलं नाही. तेव्हापासून तो तिला दिसायला लागला, दुसऱ्याच शहरांत, दुसऱ्याच फाटकांवर. तिला त्याची भीती वाटायची, आणि भीतीपेक्षा लाज जास्त.

आतून आवाज येत होता. खट, खट, खट. बाहेर जाणारं प्रत्येक कुलूप तपासणीवरचे म्हातारे कामगार, सगळ्यांचे आजोबा, तीनदा उघडून तीनदा लावून बघत. आज ते गुळगुळीत दाढी करून आले होते. पॉलिशवाल्याच्या अंगात नवाकोरा शर्ट होता.

"आज काही आहे का हो?" तिनं मालकांना विचारलं.

"मागच्या खेपेला तुमची वही इथं उघडी राहिली होती. तीन नावांपुढे ठिपके दिसले. मी त्यांना सांगितलं, बाईंनी तुम्हा तिघांना निवडलंय."

ठिपका म्हणजे हा माणूस नको. किल्ल्या बांधणाऱ्या मावशी, पॉलिशवाला, आजोबा. ते ठिपके कधी दिले हेही तिला आठवेना. हात आपला सवयीनं चालला होता. जित्याची खोड, दुसरं काय!

फोन थरथरला. साहेब. तेवढ्यात आजोबा हात पुसत समोर आले.

"बाई, सून विचारत होती, ठिपका म्हणजे नेमकं काय? म्हटलं, विचारून सांगतो. उगाच चुकीचं नको."

'तुम्ही नकोत' असं तिनं आजवर कुणाला तोंडानं सांगितलं नव्हतं. ते काम पत्रं करायची. फोन थरथरून थरथरून थांबला.

"म्हणजे," ती म्हणाली, "तुमच्यावाचून इथलं काम चालायचं नाही."

"हेच जरा लिहून द्याल? माझ्या शब्दावर तिचा काडीचा विश्वास नाही."

तिनं वहीचा कागद फाडला, लिहिलं, खाली सही केली. आजोबांनी तो वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि कामाला गेले.

"ठिपक्याचा अर्थ तो नव्हता," ती मालकांना हळूच म्हणाली.

"ठाऊक आहे. चाळीस वर्षं माणसं सांभाळलीत, मी काय दुधखुळा आहे?"

"मग त्यांना तसं का सांगितलंत?"

"तुम्ही त्यांच्या तोंडावर काय बोलता, ते बघायचं होतं. खरा अर्थ सांगितला असतात, तर मी विकणारच नव्हतो."

तिनं साहेबांना फोन लावला आणि नाही म्हणून सांगितलं. आवाज कापला नाही, याचं तिलाच नवल वाटलं. मालकांशी व्यवहार ठरला. मावशींनी दुसरा चहा आणला, तो तिनं पूर्ण प्यायला.

बाहेर पडताना तिला वाटलं, आज तरी फाटकाशी तो नसेल. पण होता. युनिफॉर्म, हातात डबा, नजर कारखान्याकडे.

आज ती थांबली. हाक मारायला तोंड उघडलं. यादीतला त्याच्या नावापुढचा ठिपका तिला लख्ख आठवत होता, निळ्या शाईचा, जरासा पसरलेला. नाव काही केल्या आठवेना.