नाद नसलेली मुलगी

ते शिफारसपत्र लिहायला मला दहा मिनिटं लागली आणि तेवढ्यात मी एका पोरीचं वाटोळं केलं. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. विचारतंय तरी कोण!

गुलनार ही अकोटच्या आमच्या कॉलेजातली, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची. तिचे वडील रऊफभाई कापूस पिंजून गाद्या भरायचे. त्या साली बोंडअळीनं तालुक्याचा कापूस खाल्ला, लग्नाच्या गाद्यांची कामं आटली, तसं त्यांनी पोरीचं लग्न उरकायचं मनावर घेतलं. पोरीला मात्र कोरियाला शिकायला जायचं होतं. सहा वर्षं मोबाइलवर तिकडच्या मालिका आणि गाणी बघून ती कोरियन लिहायला-बोलायला शिकली होती. तिथल्या एका विद्यापीठाची शिष्यवृत्ती निघाली होती.

"हे लागली त अब्बा जाऊ देतो म्हनते, दामिनी मॅडम," ती मला म्हणाली. "नाई लागली त बार्शीटाकळीचं स्थळ पक्कं."

अर्जासोबत निबंध द्यायचा होता. तिनं एकाच शब्दावर लिहिला आणि स्टाफरूममध्ये मला मराठीत समजावून सांगितला. जपानीत 'ओताकू' म्हणजे मुळात 'आपलं घर', आणि त्यावरून अदबीनं 'आपण'. कॉमिक्स-कार्टूनपायी तहानभूक विसरलेली पोरं एकमेकांशी अशी अदबीनं बोलायची, म्हणून चिडवायला लोकांनी त्यांना तेच नाव ठेवलं. पुढे त्याची शिवी झाली. मग शब्द कोरियात गेला. तिथंही आधी हेटाळणीच होती. पण इंटरनेटवरच्या पोरांनी त्याला कोरियन वळण देऊन 'ओदॉखू' केलं, मग पहिलं अक्षर उडवून नुसतं 'दॉखू'. आता तिथं माणसं उजळ माथ्यानं सांगतात, मी आगगाड्यांचा दॉखू, मी मांजरांचा दॉखू. नादाला लागण्यासाठी त्यांच्याकडे एक वेगळा शब्द आहे, नाद सोडण्यासाठी दुसरा.

"मी बी दॉखूच आहो, मॅडम," ती हसून म्हणाली. "पत्रात तसंच लिहजा. सहा वर्सं इले दुसरं काई सुचलं नाई, असं. तिकडच्या लोकांले तेच पायजे."

मी हो हो म्हटलं. संध्याकाळी कॉम्प्युटरसमोर बसले आणि हात अडला. आमच्याकडे नाद लागतो तो दारूचा, जुगाराचा, नाहीतर बाईचा. मुलीच्या कागदावर तो कसा लिहायचा? उद्या कागद कुणाच्या हाती लागला तर? बावीस वर्षं वर्तणुकीचे दाखले लिहून माझ्या हाताला एकच वळण पडलेलं. मी इंग्रजीत लिहिलं: विद्यार्थिनी सुशील, शिस्तप्रिय, आज्ञाधारक. मोबाइल, सिनेमा, गाणी, कशाचाही नाद नाही. घरकामात तरबेज.

पत्र ईमेलनं विद्यापीठाला पाठवलं. आमच्याकडे शिक्क्याचा कागद हातात पडल्याशिवाय काम झालंसं वाटत नाही, म्हणून एक प्रत पाकिटात बंद करून तिच्या घरी दिली. पोरीची अब्रू राखली म्हणून स्वतःवर खूशही झाले. अशी मी शहाणी.

दोन महिन्यांनी नकार आला. अर्जदाराचा निबंध आणि तिच्या शिक्षिकेचं पत्र जुळत नाही, त्यामुळे निबंध तिनंच लिहिल्याबद्दल शंका वाटते, असं त्यात होतं. खाली माझी वाक्यं जशीच्या तशी दिली होती. गुलनारनं तो कागद माझ्यापुढे ठेवला.

"मॅडम, तुमी काहून असं लिवलं?"

"तुझ्या भल्यासाठीच ग. मी परत लिहून देते, खरं खरं."

"मुदत गेली. अन् पुढच्या सालापर्यंत अब्बा थांबत नाई." तिचा आवाज चढला. "त्याईनं मले खोटारडी ठरवलं, मॅडम."

मी तिची माफी मागायला हवी होती. मी म्हटलं, हळू बोल, बाहेर पोरं ऐकताहेत. लाज वाटते आता, पण तेव्हा मला हेच सुचलं. ती गेली आणि मी तासाला गेले. शिकवताना काय बोलत होते ते मला आठवत नाही.

आठ दिवसांनी रऊफभाई आले, धुतलेला कुर्ता घालून. माझ्यापुढे हात जोडून उभे राहिले.

"तुमचे उपकार कसे फेडू, मॅडम? बार्शीटाकळीवाल्याईच्या कानावर कोनी तरी घातलं होतं, का पोरगी दिवसभर मोबाइलमंदी राह्यते, तिकडच्या पोट्ट्याईले पाह्यते. रिश्ता तुटूनच राह्यला होता. मंग मी त्याईच्यासमोर तुमचं पाकीट फोडलं. कॉलेजचा शिक्का पाह्यला अन् सारे गपगार. पुढच्या जुम्याले निकाह आहे."

मी विचारलं, "गुलनार काय म्हणाली?"

"ते काय म्हनते? कागद इंग्रजीत, आमच्यात कोनाले येते? तिनंच त सासरच्याईले वाचून दाखवला, हिंदी करू करू, एक-एक ओळ."