दोनशेच्या पुढचे चाळीस

अमृतच्या वहीत एकोणचाळीस पानं भरलेली होती. प्रत्येक पानावर शंभर आकडे, खाली बेरीज, तिच्याखाली सरासरी. मोबाईलमधल्या खेळातल्या त्याच्या मांत्रिकाची बुद्धी दोनशे होती आणि अजून न वापरलेले गुण चाळीस. अमृतला जाऊन सोळा दिवस झाले होते.

मोबाईल आज सोनियाला द्यायचा होता. कामथडीची त्यांची चुलत बहीण, तिला कॉलेजला हवा होता. चारच्या एसटीने ती निघणार, घरी जाऊन सगळं पुसणार. खेळाचा पासवर्ड अमृतशिवाय कुणालाच ठाऊक नव्हता, म्हणजे एकदा पुसला की त्याचा मांत्रिक परत उघडणार नव्हता.

अमृतची थोरली बहीण नूतन मोबाईल घेऊन गडाच्या वाटेवरच्या पार्किंगपाशी आली. पाली गावात रेंज नीट येते ती तिथल्याच कठड्यावर. मागोमाग तिचे आजोबा, आबा, आले, शेजारी टेकले.

"त्यात काय बघतीस एवढं?"

तिने दाखवलं. मैदानात लाकडी बुजगावणं, समोर मांत्रिक. अग्निबाण सुटला की बुजगावण्याच्या डोक्यावर लाल आकडा उमटतो. तो थोडा मागेपुढे होतो, म्हणून शंभर बाण मारून सरासरी काढायची. नूतन सुट्टीला आली की अमृत बाण मारायचा आणि ती आकडे लिहायची. गुण घातले की बुद्धी वाढते आणि तिच्याबरोबर बाणाचा मार; दहा बुद्धीपासून दर पाच गुणांना एक पान.

"एका गुणामागं मार दोनाने वाढतो, आबा. दोनशेला चारशे चाळीस. म्हणजे दोनशे चाळीसला पाचशे वीस व्हायला हवा."

"मग त्यानं थांबवलं का?"

नूतनने त्यापुढचं, चाळिसावं पान उघडलं. आकडे नव्हते, एकच ओळ होती : 'दोनशेनंतर निम्मी वाढ. २४० ला ४८०. आबांचा युरिया.'

आबांनी ती ओळ बोट फिरवत वाचली. "व्हय. एक गोणी टाकली तर भात उठतो. दुसरी टाकली तर तेवढाच न्हाई उठत. म्या त्याला बांधावर सांगितलं हुतं. लई हसला हुता."

हे अमृतने फोनवर नूतनलाही सांगितलं होतं. "ताई, एकदा घातलेले गुण परत काढता येत नाहीत. तू ये, मग घालू." ती पुण्याला प्रयोगशाळेत होती, घाईत होती. म्हणाली, "सरळ रेष आहे रे. तुझा युरिया खाचरात ठेव. रविवारी येते."

"ये बाई, एमेस्सीवाली," तो हसला होता. गुरुवारी सारोळ्याच्या पुलाजवळ टेम्पोने त्याच्या गाडीला धडक दिली.

तिचं बोट पडद्यावर थांबलं. हे चाळीस गुण त्याने शिल्लक ठेवले होते, तिच्यासाठी ठेवले होते. घातले की त्याने जसं ठेवलं तसं काहीच राहणार नव्हतं.

"आबा, राहू दे का?"

आबांनी खिशातला पेन काढला आणि वही मांडीवर घेतली. "तू मार. म्या लिवतो."

तिने चाळीसही गुण घातले. बुद्धी दोनशे चाळीस.

"चारशे एकसष्ट," ती म्हणाली.

"सावकाश सांग. चारशे...?"

"एकसष्ट. पुढे पाचशे दोन."

आबांचे आकडे मोठे, वाकडे, ओळ सोडून जाणारे. चाळिसाव्या बाणाला त्यांचा चष्मा ओला झाला. तो त्यांनी धोतराच्या सोग्याला पुसला आणि विचारलं, "किती म्हणालीस?" तिने आकडा पुन्हा सांगितला. सत्तराव्याला सोनिया खालून हाक मारत आली. दोघांकडे बघून तीही कठड्याला टेकली.

शंभर झाले. नूतनने बेरीज दोनदा केली, एकदा वरून, एकदा खालून. दोन्ही वेळा सत्तेचाळीस हजार आठशे एकसष्ट आली. पानाच्या तळाशी, अमृत लिहायचा त्याच जागी, तिने लिहिलं :

बुद्धी २४०. बाण १००. सरासरी ४७८.६१.