बैठ्या घराचा जिना

बाईवर हात टाकणाऱ्या पुरुषाला आमच्या गावात थारा नाही, असं नगराध्यक्ष आमच्या निवाऱ्याच्या उद्घाटनात म्हणाले. आम्ही आठ खाटा टाकल्या होत्या. संध्याकाळपर्यंत त्या भरल्या.

विदा आली तेव्हा तिचा डावा कान गेलेला होता. नवऱ्यानं, तिहोमिरनं, निखारे ओढायची सळई वापरली होती. तिच्या दवाखान्याच्या फायलीत पाच नोंदी होत्या : बरगडी, मनगट, जबडा, पुन्हा बरगडी, कान. प्रत्येकीपुढे एकाच डॉक्टरच्या अक्षरात एकच कारण, 'जिन्यावरून पडली'. मी तिचं घर पाहून आले. घर बैठं आहे.

विदाला फक्त एक महिना हवा होता. बहीण ऑस्ट्रियात, पासपोर्टला महिना लागणार. नवऱ्यानं तिच्या आसपास फिरकू नये हा कोर्टाचा आदेश सोमवारी संपत होता. "त्यानं आदेश मोडल्याचं दाखवा, लगेच वाढवून देतो," न्यायाधीश म्हणाले. म्हणजे आणखी एकदा मार खाऊन या.

त्याआधीच्या शुक्रवारी निकोल्यदान, संत निकोलसचा सण, आला. संत निकोलस अर्ध्या गावाचा कुळसंत. त्या दिवशी अर्धं गाव स्लावा, म्हणजे कुळसंताची पूजा आणि जेवण, करतं आणि उरलेलं अर्धं त्यांच्याकडे जेवायला जातं. स्लावाचं आमंत्रण द्यायचं नसतं आणि आलेल्याला परतवायचं नसतं. आमची स्वयंपाकीण स्तामेनाबाई म्हणाली, निवारा झाला तरी घरच ना, मग त्यालाही संत हवा. तिनं पूजेचा पाव बेकरीत सांगितला आणि निवाऱ्याचा गुप्त पत्ता पावावर कणकेच्या अक्षरांत घालून घेतला. बेकरीवाला तिहोमिरचा चुलतभाऊ.

दुपारी बारा वाजता दार वाजलं. दारात तिहोमिर, दाढी केलेला, हातात राकिया दारूची बाटली.

"सण सुखाचा जावो, घरधनीणबाई," तो म्हणाला.

"ये बाबा, बस," स्तामेनाबाई म्हणाली.

मी तिला स्वयंपाकघरात ओढलं. "बाई, कोर्टाचा आदेश आहे!"

"स्लावाला आलेला पाहुणा हाकलू? माझ्या आईनं जर्मन शिपायालासुद्धा वाढलं होतं."

"मग?"

"जेवला. मग गोठा जाळला. पण आधी जेवला."

मी चौकीला फोन लावला. शिपाई म्हणाला, "ताई, साहेबांकडे स्लावा आहे, गाडी मासे आणायला गेलीय. तुम्ही त्याला जेवायला बसवा, तोवर पोचतो."

तो बसलाच होता. त्यानं क्रूसाची खूण केली, प्रसादाच्या गोड गव्हाचा चमचा घेतला, वाल खाल्ले, काटे काढत कार्प मासा संपवला. आठ बायका आपापल्या ताटाकडे बघत होत्या. टेबलाच्या मधोमध संताची मेणबत्ती जळत होती.

"मासा झकास झालाय," तो म्हणाला. "विदा, चल घरी."

"नाही येणार," विदा म्हणाली.

त्यानं तोंड पुसलं. रुमालाची घडी केली. मग तिचे केस मुठीत धरून तिचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. दोनदा. दात वालाच्या ताटात पडला. मी त्याच्या पाठीवर झेप घेतली. कॉलेजात मला संवादकौशल्य शिकवलं होतं. त्यानं मला झटकलं आणि मी कपाटाच्या काचेत गेले. विदा खाली पडली तेव्हा त्यानं बूट घातलेल्या पायानं तिच्या पोटात लाथ घातली, नेम धरून, रोजच्या कामासारखी. मेजपोस ओढला गेला, वाइन सांडली, मेणबत्ती वाइनमध्ये पडून चर्र झाली.

"मेणबत्ती विझली," स्तामेनाबाई हळूच म्हणाली.

"गप बस, म्हातारे."

"ती घरच्यांनीच विझवायची असते. आता तू पाहुणा नाहीस."

तिच्या हातात मासे तळायचा बिडाचा तवा होता, तेलासकट. तेल आधी त्याच्या मानेवर गेलं. मग तवा बरगड्यांवर, एकदा, पुन्हा, तिसऱ्यांदा. आवाज अक्रोड फोडल्यासारखा आला. तो गुडघ्यांवर आला तशा बाकीच्या बायका उठल्या. कुणी त्यांना बोलावलं नाही. प्रत्येकीला काहीतरी आठवत होतं. एकीनं लाटणं घेतलं, एकीनं खुर्ची. एकीनं काहीच घेतलं नाही, नुसते दात वापरले. मी अंगातली काच काढत बसले आणि कुणालाही आवरलं नाही, हे इथे नमूद करते.

शिपाई दीड तासानं आला. आधी उंबऱ्यात गव्हाचा चमचा घेतला, मग खाली पाहिलं. तिहोमिरला त्यानंच दवाखान्यात नेलं. मीही गेले, विदाला घेऊन.

डॉक्टर तोच. "कसं झालं?"

तिहोमिरनं आमच्याकडे पाहिलं. सत्तरीच्या म्हातारीनं तव्यानं बडवलं, हे गावाला कळलं असतं. "जिन्यावरून पडलो," तो म्हणाला.

डॉक्टरनं मान वर न करता लिहिलं. विदाच्या कागदावरही सवयीनं तेच लिहिलं.

सोमवारी न्यायाधीशांनी दोन्ही कागद वाचले. शुक्रवारी दुपारी तिहोमिर कुठल्यातरी जिन्यावर होता, निवाऱ्यात नव्हता, सबब आदेश मोडलेला नाही. मी तोंड उघडलं असतं तर स्तामेनाबाई आत गेली असती. मी गप्प राहिले. शिपाईसुद्धा गप्प राहिला. तो उशिरा आला होता. आदेश वाढला नाही.

बाहेर विदानं सुजलेल्या तोंडानं विचारलं, "ताई, आता?"

कोर्टानं फार तर तीस दिवस दिले असते. तिहोमिरच्या बरगड्या जुळायला सहा आठवडे लागतात.